पेलेट स्टोव्ह : उन्हाळ्यात बंद ठेवताना आतून गंज कसा रोखायचा?

निखारा

थंडी ओसरली की पेलेट स्टोव्हचं (दाबलेल्या भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून खोली तापवणाऱ्या शेगडीचं) बटण बंद करायचं, दार लावायचं आणि थेट पुढच्या थंडीतच त्याच्याकडे बघायचं, असं बहुतेक घरांत चालतं. रोज तापणाऱ्या स्टोव्हला गंजायला सवड मिळत नाही. ती मिळते या मधल्या बंद महिन्यांत. बाहेरच्या रंगवलेल्या पत्र्याला काहीच झालेलं नसतं, त्यामुळे कळतही नाही. गंज चढतो तो हीट एक्स्चेंजरच्या (धुराची उष्णता खोलीतल्या हवेला देणाऱ्या भागाच्या) नळ्यांवर, धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या घरात, हॉपरच्या (पेलेट भरायच्या टाकीच्या) तळाशी आणि धूर बाहेर नेणाऱ्या व्हेंट पाइपच्या टी-आकाराच्या जोडात (टीमध्ये), म्हणजे नेमका जिथे आपला हात जात नाही तिथे.

इथे पेलेट स्टोव्ह वापरणारे बरेच जण आहेत म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे. माझं मुख्य म्हणणं एकच: साफसफाई शेवटचा जाळ विझल्यावर त्याच आठवड्यात करायची, पुढच्या हंगामाच्या तोंडावर नाही. तेल, सिलिका जेल (हवेतली ओल शोषणारे दाणे), झाकणं या सगळ्याचा नंबर त्यानंतर.

कारण राख. राख कोरडी दिसते, पण कोरडी राहत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 43 टक्क्यांच्या वर गेली की हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि स्वतः त्यात विरघळायला लागतो. उन्हाळ्यात बऱ्याच घरांत आर्द्रता दिवसचे दिवस याच्या वर असते. स्वच्छ पोलादावर गंजाचा वेग वाढतो तो साधारण 60 टक्क्यांच्या पुढे, पण वर क्षारांचा थर बसलेला असेल तर त्याच्या बऱ्याच आधीपासून पत्रा ओला असतो.

खात्री करायची असेल तर बर्न पॉटच्या (पेलेट जळतात त्या भांड्याच्या) मागचा सुटा पत्रा, म्हणजे बॅफल, काढून बघा. जाळ थांबल्यावर लगेच काढलात तर मागे पिठासारखी हलकी करडी राख असते, फुंकर मारली तरी उडते. तोच पत्रा उन्हाळा उलटल्यावर काढा. राख खाली बसून तिची खपली झालेली असते, खपलीच्या कडेला तपकिरी ओल असते, आणि ती खरवडून उचलली की खाली पत्र्यावर बरोबर तिच्याच आकाराचा नारिंगी डाग दिसतो. शेजारची जागा, जिथे राख नव्हती, ती मात्र जवळजवळ तशीच. गंज कुठून सुरू होतो हे त्या एका डागात दिसतं.

दुसरं कारण व्हेंट पाइप. स्टोव्ह बंद असला तरी पाइपचं तोंड बाहेर उघडं असतं. समजा बाहेर 30 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता आहे. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी दव होऊन धरतं तो, 24 अंशांच्या आसपास येतो. घरात एसी लावून खोली 22 अंशांवर ठेवली असेल तर स्टोव्हचं लोखंडही 22 अंशांवर. बाहेरची हवा पाइपातून आत उतरली की त्या लोखंडावर दव धरणारच. त्यात स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो घरातली हवा बाहेर ढकलतो आणि तिची भरपाई अशा फटींतून होते. म्हणजे दमट हवा आपणच स्टोव्हमधून ओढून घेतो.

आता करायचं काय, ते माझ्या क्रमाने.

शेवटच्या जाळाला हॉपर पूर्ण रिकामा होऊ द्यायचा. ऑगर (पेलेट भट्टीत ढकलणारं मळसूत्र) मोकळा फिरेपर्यंत चालवायचा, मग स्टोव्ह थंड होऊ द्यायचा आणि प्लग काढायचा. थंड म्हणजे खरोखर थंड. राखेच्या ढिगात निखारा काही दिवसही तग धरतो, त्यामुळे राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढायची आणि बादली घराबाहेर, न जळणाऱ्या जागेवर ठेवायची. व्हॅक्यूम राखेसाठीचाच हवा. साध्या व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून बारीक राख आरपार जाऊन खोलीभर पसरते, आणि एखादा निखारा आत गेला तर पिशवीच पेट घेते.

बर्न पॉट, राखेचा ट्रे, बॅफल, आणि निघत असतील तर मागच्या विटांच्या पाट्या, सगळं बाहेर काढा. विटांमागे राखेचे कप्पे असतात आणि सगळ्यात जास्त राख तिथेच दडलेली असते. लोखंडी मागच्या भिंतीवर रबरी हातोडीने हलके ठोके दिले की आतली राख सुटून खाली येते. पाट्या व्हर्मिक्युलाइटच्या किंवा सिरॅमिकच्या असतील तर हातोडी लावू नका, त्या ठिसूळ असतात. नळ्यांवर ब्रश फिरवा. मग धुराच्या पंख्याचे स्क्रू काढून तो बाहेर घ्या, पाती मऊ ब्रशने साफ करा आणि बसवताना गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी पट्टी) नवीन घाला. जुनं गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. शेवटी पाइपची टी उघडून तिच्यात साचलेली राख काढा आणि पाइपात ब्रश फिरवा.

पाणी कुठेही वापरायचं नाही. काचेला फक्त ओलसर कापड.

एवढं झालं की बराचसा गंज टळला. पुढे हवा, तेल वगैरेंवर मतभेद आहेत, त्यावर इथे बोलूच.

---

गारठा

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्याकडे स्टोव्ह नवीनच आला आहे, हा त्याचा पहिला उन्हाळा. हॉपरमध्ये साधारण अर्धं पोतं पेलेट शिल्लक आहेत. वरचं झाकण घट्ट बसतं. ते तसेच राहू दिले तर चालेल का? एवढे पेलेट बाहेर काढायचे म्हणजे बराच खटाटोप आहे.

---

निखारा

@गारठा, नाही, काढाच. झाकण घट्ट असलं तरी हॉपर खालून ऑगरच्या नळीवाटे भट्टीला जोडलेला असतो, त्यामुळे दमट हवा खालून येते. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा 10 टक्क्यांच्या आतच असावा लागतो, पेलेटचा दर्जा ठरवणाऱ्या एनप्लस प्रमाणपत्राची अटच तशी आहे. इतकं कोरडं लाकूड मिळेल तिथून पाणी शोषतं. आधी पेलेट फुगतात, त्यांची चकाकी जाते, बोटांत धरून दाबले की भुगा होतो. ऑगरच्या मळसूत्रात अडकलेले पेलेट फुगले की तिथे घट्ट बूच तयार होतं आणि ते ओलं बूच नळीच्या पत्र्याला महिनोन्‌महिने चिकटून राहतं. पुढच्या थंडीत मोटर फिरायचा प्रयत्न करते, ऑगर हलत नाही.

वरचे पेलेट डब्याने उपसा, उरलेले व्हॅक्यूमने ओढा. तळाशी बारीक भुसा राहतो, तोही राहू देऊ नका. हॉपरच्या उतारावर पेलेट घसरून घसरून रंग उडालेला असतो, तिथे कोरडं कापड फिरवून थोडी ग्रॅफाइटची पूड चोळली तर पुरे. तिथे ओलं तेल नको, भुसा चिकटून बसेल.

---

धातुवेडा

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक शंका. राख अल्कलीधर्मी असते. ओल्या राखेचा पीएच 10 च्या वर सहज जातो. आणि अल्कलीत तर लोखंड गंजत नाही! काँक्रीटमधली सळई टिकते ती याच कारणाने, अल्कलीमुळे तिच्यावर ऑक्साइडचा पातळ संरक्षक पापुद्रा बसतो. मग राखेखाली गंज जास्त का, हे नीट कळलं नाही. तुमचं निरीक्षण खोटं म्हणत नाही, कारण समजून घ्यायचं आहे.

---

निखारा

@धातुवेडा, फार चांगला प्रश्न. सळईचंच उदाहरण पुढे नेऊ. काँक्रीट चांगलं असूनही समुद्राकाठच्या इमारतींमधल्या सळया गंजतात, कारण खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो संरक्षक पापुद्रा जागोजागी फोडतं. राखेतही क्लोराइड असतं. झाड वाढताना जमिनीतून थोडं क्लोरीन घेतं, आणि जाळात ते पोटॅशियमबरोबर वाफ होऊन वर जातं आणि थंड पृष्ठभागावर बारीक राख होऊन बसतं. म्हणून बर्न पॉटमधल्या जाड राखेपेक्षा नळ्यांवरची आणि पंख्यावरची बारीक राख जास्त वाईट. तिच्यात पोटॅशियम क्लोराइड आणि सल्फेटचं प्रमाण जास्त असतं.

दुसरं म्हणजे राखेची अल्कली टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड तिला हळूहळू उतरवतो. आणि तिसरं, ओल्या खपलीच्या खाली ऑक्सिजन कमी पोचतो आणि कडेला भरपूर मिळतो. एकाच पत्र्यावर असा फरक पडला की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि कमी ऑक्सिजनची जागा खाल्ली जाते. म्हणून गंज पसरट न राहता खड्डे पडतात.

एनप्लसच्या सगळ्यात वरच्या, ए1 दर्जाच्या पेलेटला क्लोरीनची मर्यादा 0.02 टक्के आणि राखेची 0.7 टक्के आहे. आकडे छोटे वाटतात, पण हंगामभर पोतीच्या पोती जळतात तेव्हा त्यातून निघणारी राख आणि क्षार काही कमी नसतात. मल्टिफ्युएल (पेलेटशिवाय इतर इंधनही चालणाऱ्या) स्टोव्हमध्ये मका जाळणाऱ्यांनी तर ही सफाई आणखी गांभीर्याने घ्यावी, मक्यातून राख आणि क्षार दोन्ही जास्त येतात.

---

धातुवेडा

पटलं. बारीक राखेचा मुद्दा मला माहीत नव्हता. म्हणजे जिथे हात पोचायला अवघड, तीच राख सगळ्यात घातक.

यावरून एक सांगावंसं वाटतं. काही जण स्टोव्हच्या आत खाण्याचा सोडा पसरायला सांगतात, 'आम्ल मारण्यासाठी'. पेलेटच्या राखेत मारायला आम्ल नसतंच, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. उलट आणखी एक ओल धरणारी पूड आत पडते.

---

धुरांडे

मी धुराड्यांची कामं करतो, त्यामुळे पाइपच्या बाजूने लिहितो.

एक किलो पेलेट जळले की अर्ध्या किलोहून जास्त पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. लाकडातला हायड्रोजन जळून पाणी होतं आणि पेलेटमधला ओलावा असतोच. स्टोव्ह मंद आचेवर चालवला, पाइपचा बराच भाग बाहेर थंडीत असला, तर हे पाणी पाइपातच थंड होऊन खाली टीमध्ये उतरतं. हंगाम संपताना बरेच जण स्टोव्ह अगदी मंद ठेवतात, कारण बाहेर थंडी कमी झालेली असते. म्हणजे शेवटच्या आठवड्यांत पाइप सगळ्यात ओला! म्हणून माझा आग्रह: शेवटचा जाळ तासभर तरी मोठा ठेवा, पाइप पूर्ण तापून कोरडा होऊ द्या, आणि मगच बंद करा.

ज्यांचा पाइप बाहेरून आडवा निघतो त्यांच्यासाठी लीफ ब्लोअरची युक्ती उत्तम आहे. पानं शोषून घेणारा ब्लोअर घ्यायचा, त्याचं शोषणाचं तोंड पाइपच्या बाहेरच्या तोंडाला घट्ट बसवायचं आणि चालू करून कोणीतरी आत नळ्यांवर ब्रश फिरवायचा. बाहेर राखेचा केवढा ढग निघतो ते बघून विश्वास बसत नाही. स्टोव्ह पूर्ण थंड हवा, दार उघडं ठेवून सुरुवात करायची, चष्मा आणि मास्क लावायचा, आणि शेजाऱ्यांचे कपडे बाहेर वाळत नाहीत ना हे आधी बघायचं.

यानंतर बाहेरचं तोंड झाका. माझ्या मते बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण सफाई आणि झाकण या दोन गोष्टी हव्यातच. दव तर थांबतंच, शिवाय गांधीलमाश्या आणि पक्षी आत घरटं करत नाहीत. बाहेरून हवा घेणारा वेगळा पाइप असेल तर तोही झाका, तो हमखास विसरला जातो.

---

सांजवात

धुरांडे, सगळं पटलं, झाकणाचं सोडून. पाइप झाकला, दार लावलं की आतली हवा कोंडते. कोंडलेल्या जागेतच ओल राहते ना? मी तर स्टोव्हचं दार किलकिलं ठेवते आणि आत पिवळ्या उजेडाचा जुन्या पद्धतीचा 40 वॅटचा बल्ब लावून ठेवते. आतलं लोखंड खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम राहतं, दव धरतच नाही. एलईडीने हे होत नाही, तो तापत नाही. खूप सोपा उपाय आहे आणि आत बघितलं तर अजून नळ्या स्वच्छ आहेत.

---

धुरांडे

@सांजवात, बल्बचा उपाय चुकीचा नाही, पण आग लागू शकते हे लक्षात ठेवा. तापलेला बल्ब भुशाला किंवा दोरीच्या गॅस्केटला टेकता कामा नये, आणि दाराच्या कडेत वायर चेपली जाता कामा नये. घरात कोणी नसताना महिनोन्‌महिने असा बल्ब जळत ठेवणं मला पटत नाही. कपाटं कोरडी ठेवायला मिळतो तसा दांड्याच्या आकाराचा छोटा हीटर असेल तर तो बरा, त्याला काच नसते.

---

निखारा

तुम्हा दोघांचंही बरोबर आहे, फक्त खोली वेगवेगळी आहे. बल्बने हवेतलं पाणी कमी होत नाही, हवा गरम होते आणि सापेक्ष आर्द्रता उतरते. 22 अंशांची 75 टक्के आर्द्रतेची हवा 27 अंशांवर नेली की तीच 55 टक्क्यांवर येते. म्हणजे उपाय शास्त्रशुद्ध आहे.

झाकण हवं की मोकळी हवा, हे खोलीतल्या आर्द्रतेवर ठरवा. आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र स्टोव्हवर ठेवून आठवडाभर बघा. खोली 50 टक्क्यांच्या आत राहत असेल, एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालू असेल, तर बाहेरचं तोंड झाका आणि स्टोव्हचं दार किलकिलं ठेवा, म्हणजे खोलीतली कोरडी हवा आत फिरेल. खोलीच दमट असेल तर बाहेरून झाका, दार घट्ट लावा आणि आत सिलिका जेल ठेवा. दोन्हीकडून उघडं ठेवणं सगळ्यात वाईट, कारण मग बाहेरची दमट हवा स्टोव्हमधून आरपार वाहते.

सिलिका जेल किती लागतं याचा हिशोब करून बघा. 30 अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम पाणी धरते. भट्टी, कप्पे आणि पाइप मिळून 100 लिटर जागा धरली तर आत पाणी जेमतेम 3 ग्रॅम! अर्धा किलो जेल त्याला पुरून उरतं. पण हे बंद जागेचं गणित आहे. फट राहिली तर जेल आख्ख्या खोलीची हवा सुकवत बसतं आणि आठवड्याभरात भरतं. रंग बदलणारं जेल घ्या, भरलं की कळतं आणि गरम करून पुन्हा वापरता येतं.

कपाटात ठेवतात त्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मात्र स्टोव्हच्या आत कधीही ठेवू नका. त्यात पाणी साचून क्लोराइडचा पाक होतो. तो सांडला तर वर धातुवेडांशी झालेल्या चर्चेतलं सगळं एका रात्रीत घडायला लागेल.

---

तळघर

आमचा स्टोव्ह तळघरात आहे. काँक्रीटच्या फरशीला उन्हाळ्यात घाम फुटतो, आणि स्टोव्हच्या पायांपासून गंज चढतो. डीह्युमिडिफायर हा एकच उपाय आम्हाला लागू पडला. बाकी सगळ्या युक्त्या त्याच्यापुढे फिक्या. पेलेटची पोतीही फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवतो.

अवांतर, पण महत्त्वाचं: पेलेट मोठ्या प्रमाणात बंद खोलीत किंवा टाकीत साठवत असाल तर आत शिरण्याआधी हवा खेळू द्या. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, लाकडातल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडीकरण होऊन. अशा कोठ्यांत माणसं दगावली आहेत. चार पोती असतील तर घाबरायचं कारण नाही.

---

कवडसा

तेलाबद्दल कोणीच लिहिलं नाही. आत तेलाचा फवारा मारावा का? कोणी डब्ल्यूडी-40 म्हणतं, कोणी स्वयंपाकाचं तेल म्हणतं.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. आम्ही वापरलेला स्टोव्ह विकत घेतला. नळ्यांवर नारिंगी थर आहे आणि दोन नळ्यांवर पोपडे सुटलेत. हा अजून वापरण्यासारखा आहे का?

---

निखारा

@कवडसा, आधी दुसरा प्रश्न, कारण तो जिवाशी संबंधित आहे. हीट एक्स्चेंजरच्या नळीच्या एका बाजूला धूर असतो आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या खोलीत येणारी हवा. मध्ये फक्त तो पत्रा. तिथे भोक पडलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड गरम हवेबरोबर थेट खोलीत येऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो.

नारिंगी पावडर बोटाला लागते आणि पुसली की खाली गुळगुळीत लोखंड दिसतं, तो वरवरचा गंज. वायर ब्रशने काढा, व्हॅक्यूम करा, काम चालेल. पोपडे सुटत असतील तर ते पूर्ण खरवडून काढा, आणि मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नळीवर जागोजागी दाबून बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पोपडा जाड दिसला म्हणून पत्रा तेवढा गेला असं नाही. पण टोक आत रुतलं, पत्रा दबला, किंवा अंधारात एका बाजूने टॉर्च धरल्यावर दुसरीकडे उजेडाचा ठिपका दिसला तर तो भाग बदलल्याशिवाय स्टोव्ह पेटवायचा नाही. सिमेंटने, पुटीने बुजवायचा नाही. शंका असली तरी जाणकाराला दाखवा. आणि स्टोव्ह कितीही चांगला असला तरी खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

गंज बदलणारी रसायनं आणि स्टोव्हचा उष्णतारोधक रंग बाहेरच्या पत्र्यासाठी ठीक आहेत. भट्टीच्या आत ते टिकत नाहीत, जळून जातात.

आता तेल. आधी तुमच्या स्टोव्हचं माहितीपत्रक बघा, काही कंपन्या आत हलकं तेल लावायला सांगतात, काही नको म्हणतात. माझं मत असं: पूर्ण साफ केलेल्या उघड्या लोखंडावर हलक्या मशीन ऑइलचा अगदी पातळ हात, तोही फडक्याने. राख राहिली असेल तर तेल लावूच नका. तेल आणि राखेचा जो चिकट लगदा होतो तो पुढच्या वर्षी ब्रशलाही दाद देत नाही. स्वयंपाकाचं तेल कालांतराने चिकट होऊन घट्ट बसतं, ते नको. डब्ल्यूडी-40 मधला बराचसा भाग उडून जातो आणि मागे फार पातळ थर राहतो, तो आख्खा उन्हाळा पुरेल असं समजू नका. कुठलाही फवारा ज्वालाग्राही असतो, स्टोव्ह कोमट असतानाही मारायचा नाही. इग्नायटर (पेलेट पेटवणारा भाग), सेन्सर, दाराची दोरी, काच आणि मोटर यांना तेल लागू देऊ नका. पंख्याच्या मोटरला तेलाची भोकं दिलेली असतील तरच तिथे थेंब टाका, सीलबंद बेअरिंगला तेल लागत नाही.

---

गारठा

आणखी एक विचारू का? एका ओळखीच्यांनी सुचवलं की उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दहा मिनिटं स्टोव्ह पेटवायचा, म्हणजे आतली ओल उडून जाते. हे बरोबर आहे का?

---

धुरांडे

@गारठा, अजिबात नको. वर लिहिलंय तसं, पेलेट जळताना पाणी तयार होतं. दहा मिनिटांत पाइप तापत नाही, त्यामुळे ते पाणी आतच धरतं, आणि वर साफ केलेल्या नळ्यांवर ताजी राख बसते. म्हणजे ओल आणि राख दोन्ही आपण होऊन आत आणली. पाइप झाकलेला असताना कोणी असं केलं तर धूर घरात भरेल तो वेगळाच.

त्यावरून झाकणाची एक फार महत्त्वाची गोष्ट राहिली. काही स्टोव्ह थर्मोस्टॅटवर आपोआप पेटतात. उन्हाळ्यातही एखादी रात्र गार पडते. हॉपर रिकामा हवा आणि प्लग काढलेलाच हवा. प्लग काढल्याने विजा चमकत असताना आतला सर्किट बोर्डही वाचतो. झाकणाला भडक रंगाची लांब फीत बांधा, आणि प्लगलाच चिठ्ठी बांधा: 'पाइप झाकलेला आहे'. स्टोव्हच्या दारावर लावलेली चिठ्ठी पडते, प्लगला बांधलेली चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय स्टोव्ह चालूच होत नाही.

---

सांजवात

प्लगची चिठ्ठी लगेच बांधते. आणि निखारा, आर्द्रतेचं यंत्र ठेवून बघितलं. आमची खोली 45 टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे मी बाहेरून झाकून दार किलकिलं ठेवलं तर बल्बची गरज नाही, बरोबर ना?

---

निखारा

@सांजवात, बरोबर, बल्ब काढून टाका. दार किलकिलं ठेवायचा आणखी एक फायदा: दोरीचं गॅस्केट महिनोन्‌महिने दाबलं जात नाही, त्याची फूग टिकते.

थंडी परत आली की काय करायचं तेही इथेच लिहून ठेवतो, म्हणजे धागा शोधत यावं लागणार नाही. आधी बाहेर जाऊन दोन्ही पाइपांची झाकणं काढायची, पाइपात टॉर्च मारून घरटं नाही ना बघायचं. आतली सिलिका जेलची प्रत्येक पिशवी बाहेर आली का ते बघायचं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निसटली तर दोरी बदलायला झाली. ही तपासणी चारही बाजूंना करायची. मग प्लग लावून पेलेट न घालता पंखे फिरवून बघायचे, घरघर किंवा चरचर येते का ऐकायचं. नवीन, कोरडे पेलेट घालायचे. पहिला जाळ मोठा आणि तासभर. तेल लावलं असेल तर थोडा वास आणि धूर येईल, तेवढा वेळ खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि अलार्मची बॅटरी त्याच दिवशी बदलायची.

---

कवडसा

सगळं खरवडलं. एका नळीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक रुतलं. बाकीच्या नळ्या टणक आहेत. एक्स्चेंजरचा सुटा भाग मागवला आहे, तो बसेपर्यंत स्टोव्ह बंदच ठेवतो. बसवल्यावर इथे फोटो टाकेन.